सेंडमेल की पोस्टफिक्स? एकाच मशीनवरचा कमांडचा गोंधळ कसा सोडवावा

रॉकी, अल्मा किंवा फेडोरा या लिनक्सवर सेंडमेल आणि पोस्टफिक्स हे मेल पाठवणारे दोन्ही प्रोग्राम बसवले की अडचण नावापासून सुरू होते. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम), पीएचपी आणि जुन्या स्क्रिप्ट मेल पाठवायला '/यूएसआर/एसबिन/सेंडमेल' हीच कमांड शोधतात. त्यामुळे १९९८ साली आलेल्या पोस्टफिक्सनेही याच नावाची कमांड दिली. नाव एक, मालक दोन. (खालच्या कमांड टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.)

'/यूएसआर/एसबिन/सेंडमेल' ही खरी फाइल नसून सहसा यापैकी एका प्रोग्रामकडे नेणारी लिंक असते. आधी तिचा खरा मालक शोधा:

टाइप -ए सेंडमेल
रीडलिंक -एफ /यूएसआर/एसबिन/सेंडमेल

पहिल्या कमांडने पाथमधल्या (शेल जिथे कमांड शोधतो त्या फोल्डरांतल्या) त्या नावाच्या सगळ्या प्रती दिसतात. हाताने कंपाइल केलेली प्रत '/यूएसआर/लोकल/एसबिन' मध्ये पडून असेल, तर ती बहुधा आधी सापडते आणि पुढची सारी मेहनत वाया जाते. दुसरीचे उत्तर 'सेंडमेल.पोस्टफिक्स' किंवा 'सेंडमेल.सेंडमेल' असे यायला हवे.

आता घाईने लिंक बदलू नका. जुन्या प्रोग्रामची रांग (न गेलेल्या पत्रांचा साठा) नव्याला दिसत नाही, कारण सेंडमेल आपली पत्रे '/व्हार/स्पूल' खालच्या एमक्यू आणि क्लायंटएमक्यू या दोन रांगांत ठेवतो, तर पोस्टफिक्सचे घर '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स'. सेंडमेलकडून पोस्टफिक्सकडे जाताना दोन्ही रांगा या क्रमाने रिकाम्या करा:

/यूएसआर/एसबिन/सेंडमेल.सेंडमेल -एसी -क्यू
/यूएसआर/एसबिन/सेंडमेल.सेंडमेल -क्यू -व्ही

पहिल्या कमांडमध्ये एसीचा ए मोठा, सी छोटा. क्लायंट रांगेतली पत्रे याच मशीनच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर चालणाऱ्या सेंडमेलकडे जातात, म्हणून सेवा बंद करण्यापूर्वीच हे उरका. मग 'सेंडमेल' आणि 'एसएम-क्लायंट' या दोन्ही सेवा सिस्टमसीटीएलने थांबवा, डिसेबल करा आणि एकाच नावाच्या कमांडची लिंक ठरवणाऱ्या 'अल्टरनेटिव्ज' ने लिंक बदला (एमटीए म्हणजे मेल पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम):

अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग एमटीए

यादीतला पोस्टफिक्सचा क्रमांक द्या. मेलक्यू (रांग दाखवणारी) आणि न्यूअलायसेस (टोपणपत्त्यांची यादी ताजी करणारी) या कमांडच्या लिंकही याच गटात असल्याने त्या आपोआप फिरतात. म्हणूनच 'एलएन' वापरून एकटी सेंडमेलची लिंक बदलणे चुकीचे. तसे केले तर पत्र एकाकडे जाते आणि रांग दुसऱ्याची दिसते. सेंडमेलच्या जागी लिंकऐवजी खरी फाइल बसलेली असेल, तर अल्टरनेटिव्ज ती बदलायला नकार देते. ती फाइल बाजूला हलवून कमांड पुन्हा चालवा.

अल्टरनेटिव्ज फक्त लिंक बदलते, सेवा सुरू करत नाही. पोस्टफिक्स बंद असला तरी त्याची सेंडमेल कमांड तक्रार न करता पत्र स्वीकारते आणि ते त्याच्या 'मेलड्रॉप' फोल्डरमध्ये पडून राहते. स्क्रिप्टला वाटते, पत्र गेले. म्हणून 'सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ पोस्टफिक्स' विसरू नका. नंतर उघडे पोर्ट दाखवणाऱ्या 'एसएस -एलटीएनपी' मध्ये २५ वर पोस्टफिक्सची मुख्य प्रक्रिया 'मास्टर' दिसली पाहिजे. न्यूअलायसेस एकदा पुन्हा चालवा, रूटला चाचणीचे पत्र पाठवा आणि मेललॉग किंवा जर्नल वाचा.

डेबियनवर असे दोन सर्व्हर शेजारी बसतच नाहीत, पॅकेजेच एकमेकांना हटवतात. तिथे भांडण 'मेल' या कमांडचे असते, कारण ती वेगवेगळी पॅकेजे देतात. ते 'अपडेट-अल्टरनेटिव्ज --कॉन्फिग मेलएक्स' ने सोडवा. मात्र बदलानंतर स्क्रिप्ट तपासा: एस-नेल या मेल प्रोग्राममध्ये छोटा '-ए' फाइल जोडतो, तर बीएसडी-मेलएक्स आणि मेलयुटिल्समध्ये तोच '-ए' हेडर (पत्राच्या माथ्यावरची माहितीची ओळ) जोडतो. फाइल जोडायला मेलयुटिल्सला मोठा '-ए' लागतो.