थंडीत धरणावर गळ कसा टाकावा: नाशिकच्या जलाशयांसाठी

निफाडचा पारा एक आकडी झाला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, की नाशिकचे बरेच हौशी मासेमार गळ गुंडाळून माळ्यावर टाकतात. थंडीत मासा लागत नाही, असं सगळेच म्हणतात. मीही दोन हिवाळे तसंच समजत होतो, कारण पहाटे पाचला उठून गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर जायचो आणि नऊला रिकाम्या हाताने परतायचो. मग एकदा तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमार बाबांनी हटकलं, "अंधारात कशाला येता? माशालाही ऊन लागतं. अकराला या." त्या एका वाक्यावर माझा पुढचा प्रत्येक हिवाळा उभा आहे.

आधी परवानगी

आपल्याकडच्या धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे भरून मत्स्यबीज सोडलेलं असतं. त्यामुळे काठावरच्या गावात जाऊन विचारा, संस्थेची पावती लागत असेल तर घ्या. धरणाची भिंत, सांडवा आणि दरवाजांचा परिसर प्रतिबंधित असतो, तिकडे फिरकू नका. नांदूर मधमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे दुर्बीण घेऊन जा, गळ घरी ठेवा.

पाणी ओळखा

मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान उतरलं की त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते, हालचालही कमी होते. रोहू, कटला, मृगळ यांना पंचवीस ते तीस अंशांचं पाणी मानवतं. वीसच्या खाली ते खाणं बरंच कमी करतात. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र थंडी सोसतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत माझी भिस्त त्याच्यावरच असते. चिलापी थंडीने सुस्तावते. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा, तो दुपारी उन्हात गवताच्या कडेला वर येतो, पण आमिषावर पावसाळ्यासारखा तुटून पडत नाही.

हवा आणि पाणी एकाच वेळी गार होत नाहीत, हे लक्षात ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला पहाटे पाण्यावर वाफ तरंगताना दिसते, म्हणजे पाणी अजून हवेपेक्षा उबदार आहे. पाण्याची खरी थंडी जानेवारीत येते. एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडा. काठाशी एकदा मोजा, मग दीड-दोन मीटर खोलीवर पाच मिनिटं धरून मोजा. सकाळी दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. दुपारी काठाचा आकडा दोन-तीन अंशांनी चढलेला दिसला, की जागा चांगली आहे.

थंडीची लाट आली त्या पहिल्या दिवशी जाऊ नका. पारा एकदम पडला की मासा गप्प बसतो. तीच थंडी तीन-चार दिवस टिकली की तो सवयीने थोडंथोडं खायला लागतो. मावठ्याचे ढग असतील तर रात्री कमी गारठतात आणि गळाला बरं जातं, पण ढग फाटून आकाश निरभ्र झालं की दुसऱ्या सकाळी घरी थांबलेलं बरं.

जागा निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नाशिक साधारण वीस अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर. याचा अर्थ जलाशयाच्या उत्तरेकडच्या, म्हणजे दक्षिणेला तोंड असलेल्या काठावर ऊन सरळ पडतं. त्यामागे टेकडी किंवा उंच बांध असेल तर उत्तरेचा गार वाराही अडतो. काळ्या खडकाचा, काळ्या मातीचा उथळ काठ लवकर तापतो.

नुसता उथळ काठ पुरत नाही. मोठा मासा रात्री खोल पाण्यात असतो आणि ऊन चढलं की वर सरकतो. त्यामुळे उथळ भागाशेजारीच उतार हवा: जुन्या नदीपात्राची कड, बुडालेल्या ओढ्याचं मुख, बुडालेला बांध. असा उतार शोधायला गळाला बूच आणि जरा जड शिसं लावून पाण्याचा ठाव घ्या. बूच उभं राहीपर्यंत सरकवत जा, तेवढी तिथली खोली. दहा-बारा ठिकाणी असं केलं की तळाचा नकाशा डोक्यात बसतो. पाणकावळे एकाच ठिकाणी सारखे बुड्या मारत असतील, तर तिथे लहान मासळीचा थवा आहे हे नक्की.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला सुचत नाही. रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून पाणी सुटलं की पातळी उतरते. काठाशी आलेला मासा मागे खोलात जातो आणि एक-दोन दिवस फिरकत नाही. गेल्यागेल्या पाण्याच्या कडेला एक काडी खुपसा. तासाभरात काडी कोरडी पडली तर तुमची जागा खोलाकडे हलवा. पातळी स्थिर असेल त्याच दिवसांची वाट बघा.

इथेच धोकाही आहे. पाणी उतरून उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली दलदल असते. मी एकदा गुडघ्यापर्यंत रुतलो होतो. बूट तिथेच राहिला आणि बाहेर येताना दम लागला. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. जिथे गाळपेर केलेली हरभऱ्याची किंवा गव्हाची शेतं आहेत, तिथे पिकातून चालू नका, बांधावरून जा. एकटे गेलात तर घरी जागा सांगून जा.

सामान बारीक करा

पावसाळ्यातलं जाड तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, हिवाळ्यात नडतं. गाळ खाली बसून पाणी नितळ झालेलं असतं, माशाला दोरा दिसतो आणि त्याला घाईही नसते. पाव मिलिमीटर किंवा त्याहून जरा जाड तंगूस पुरे. गळ आठ किंवा दहा नंबरचा, लहान. बूच सडपातळ घ्या, म्हणजे हलक्या स्पर्शानेही हलेल. शिसं कमीत कमी.

आमिष

कणीक आणि भाजलेल्या शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी, थोडं बेसन, चिमूटभर हळद. गोळा नेहमीपेक्षा सैल मळा, कारण गार पाण्यात तो आवळतो. तेल घालू नका, थंड पाण्यात ते पसरत नाही. गोळी हरभऱ्याएवढी, बोराएवढी कधीच नको. सायप्रिनस आणि मृगळ तळाशी चरतात, त्यांना गांडुळाचा तुकडाही चालतो. आधी चारा टाकायचा असेल तर मूठभरच टाका. मंद भूक असलेल्या माशाचं पोट त्यानेच भरलं, तर गळाकडे बघणार कोण?

दिवस कसा घालवावा

साडेनऊ-दहाला पोचा. पहिला तास ठाव घेण्यात, पाणी मोजण्यात, पक्षी बघण्यात जाऊ द्या. अकरा ते साडेतीन ही खरी वेळ. आमिष तळापासून वीतभर वर किंवा अगदी तळावर ठेवा आणि हलवू नका. वीस मिनिटं काही झालं नाही तर जागा बदलायच्या आधी खोली बदला, एकदा हातभर खोल, एकदा हातभर वर.

हिवाळ्यातला मासा बूच खाली ओढत नाही. ते किंचित आडवं होतं, कधी नुसतंच बाजूला सरकतं. तेवढ्यावर मनगटाने हलका झटका द्या. जोरात ओढलंत तर लहान गळ ओठातून सुटतो.

लागलेला मासा घाईने खेचू नका, खोल पाण्याकडे जाऊ द्या, दमला की आणा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, नाहीतर अंगावरची बुळबुळीत साय निघते आणि त्याला बुरशी लागते. जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत सायप्रिनसची मादी अंड्यावर येते आणि पाणवनस्पतींच्या कडेला फिरते. फुगीर पोटाची मादी लागली तर परत सोडा. मी सोडतोच.

साडेतीननंतर ऊन कललं की हवा झपाट्याने गार होते आणि मासे खोलात परतू लागतात. तेव्हा आवरायला घ्या. तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका. त्यात बगळ्याचा पाय अडकून तो उडू न शकल्याचं मी पाहिलं आहे. तंगसाचे तुकडे बोटाभोवती गुंडाळून खिशात घ्या, आणि निघण्यापूर्वी पाण्याच्या कडेची काडी पुन्हा एकदा बघा, म्हणजे पुढच्या खेपेला कुठे बसायचं ते कळेल.