डोंगरातल्या जंगलात केबिन घेऊन राहायचं असेल तर प्लॅनिंग कसं करायचं

तंबू नाही, केबिन आहे म्हटलं की बरेच जण निवांत होतात, छप्पर आहे, दार आहे, मग अजून काय लागतं. पण केबिन या नावाखाली काहीही मिळतं. कुठे गरम पाणी, गादी, फ्रिज सगळं असतं आणि कुठे नुसत्या चार लाकडी भिंती आणि झोपायला फळी. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की समोरून स्पष्ट उत्तर मिळत नाही तोपर्यंत आत काहीच नाहीये असं धरून प्लॅन करायचा.

बुकिंग करायच्या आधीच मालकाला किंवा तिथली व्यवस्था बघणाऱ्या माणसाला फोन करा, फोटोंवर जाऊ नका. विचारायचं काय तर, गादी आणि पांघरूण आहे का, की स्लीपिंग बॅग आपली आणायची. पिण्याचं पाणी नळाला येतं का, आणि ते तसंच प्यायचं की उकळून. टॉयलेट आत आहे की बाहेर चालत जावं लागतं, आणि बाहेर असेल तर किती लांब, कारण लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रात्री दोन वाजता ते अंतर फार मोठं वाटतं. वीज आहे का. स्वयंपाक कशावर करायचा, गॅस, चूल की बाहेर शेकोटी. गरम कशाने होतं. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारा प्रश्न म्हणजे गाडी दारापर्यंत जाते का? पुष्कळ ठिकाणी गाडी खाली लावून सामान पाठीवर घेऊन चढावं लागतं, आणि हे आधी माहीत असलं की चाकांच्या सुटकेसऐवजी सॅक भरली जाते.

आता हवामान. फोनवर दिसतो तो अंदाज बहुतेक वेळा जवळच्या गावाचा असतो आणि गाव असतं खाली. उंची वाढली की तापमान साधारण दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली १८ असेल तर हजार मीटर वर ११-१२ च्या आसपास धरायचं, आणि वारा किंवा भिजलेले कपडे असले की ते अजूनच गार लागतं. तळाचं तापमान बघून कपडे भरले तर वर कुडकुडायची पाळी येते. स्लीपिंग बॅग घेताना त्यावर दोन-तीन आकडे असतात त्यातला कम्फर्टचा आकडा बघा, लिमिटचा किंवा एक्स्ट्रीमचा नाही, एक्स्ट्रीम म्हणजे माणूस जेमतेम तग धरेल ते तापमान, तिथे झोप वगैरे काही लागत नाही. कपड्यांत कॉटन कमीत कमी ठेवा कारण ते घाम आणि पाणी धरून ठेवतं आणि वाळायला तासन्‌तास घेतं, लोकर किंवा सिंथेटिक घ्या, थरावर थर घालता येतील असे. आणि झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळा पिशवीत बांधून ठेवायचा, दिवसभर काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही.

केबिन २५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं. पहिल्या दिवशी लांबचं चालणं ठेवू नका, आणि त्रास वाढत चालला तर औषध घेऊन तिथेच थांबण्यापेक्षा खाली उतरणं हाच खरा इलाज आहे.

पोहोचायची वेळ ही माझ्या मते अख्ख्या प्लॅनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि लोक नेमकी तीच सैल सोडतात. दरीत अंधार लवकर होतो, सूर्यास्त कागदावर साडेसहाला असला तरी सूर्य समोरच्या डोंगराआड कधीच गेलेला असतो आणि झाडीत तर त्याच्याही आधी दिसेनासं होतं. त्यामुळे सूर्यास्ताच्या निदान दोन-अडीच तास आधी केबिनवर असाल असं बघा. उजेडात पाणी कुठे, टॉयलेट कुठे, लाकूड कुठे, दाराची कडी नीट लागते का हे सगळं बघून होतं. चढून जायचं असेल तर वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला साधा हिशोब आहे, सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि वर चढायच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा अंतर ५ किलोमीटर आणि चढ ३०० मीटर, तर झाला दीड तास. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही, मुलं आणि जड सामान असेल तर सरळ दीडपट धरा.

नकाशा निघायच्या आधीच फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा आणि वाटेचा एक कागदी नकाशाही घ्या, थंडीत बॅटरी पटापट उतरते, रात्री फोन स्लीपिंग बॅगच्या आत घेऊन झोपा. घरच्या कोणाला तरी लिहून द्या, कुठली केबिन, कुठली वाट, कधी परत येणार, आणि अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. हे शेवटचं लिहिलं नाही तर बाकीच्याचा उपयोग नाही. रेंज नसली तरी इमर्जन्सी नंबर लावून बघायचा, ११२ बऱ्याच देशांत चालतो आणि असा कॉल तिथे सापडेल त्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी, ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजतच राहते.

आता आग आणि धूर, इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात जीव जातो. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा कॅम्पिंगचा गॅस स्टोव्ह ऊब मिळावी म्हणून पेटवून ठेवणं हे कधीच, कितीही थंडी असली तरी करायचं नाही. यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो वायू सोडतच असतात, म्हणून शेगडी "जरा वेळ" आत आणणंही नाही. लाकडाची भट्टी असेल तर धुराडं मोकळं आहे ना हे पेटवायच्या आधी विचारा, खिडकीची फट थोडी उघडी ठेवा, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बरोबर न्या, मुठीएवढा असतो, सामानात जाणवतही नाही. गॅसच्या डब्यांचं म्हणाल तर नुसता ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो, कडाक्याच्या थंडीत जाणार असाल तर प्रोपेन मिसळलेला घ्या.

लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. सरपणातून झाडांना मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात, उत्तर अमेरिकेत २००२ साली सापडलेल्या एमराल्ड ॲश बोरर नावाच्या किड्याने कोट्यवधी ॲश झाडं मारली आणि तो लांब लांब पोहोचायचं एक कारण माणसांनी गाडीतून वाहून नेलेलं सरपण हेच आहे. ओलं लाकूड नुसता धूर करतं, दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, खणखणीत आवाज आला तर वाळलेलं. शेकोटीला परवानगी आहे का ते आधी विचारा, कोरड्या दिवसांत बंदी असते आणि ती पाळायचीच. विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत.

बरेच दिवस बंद असलेल्या केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर लगेच झाडू मारायला घेऊ नका, त्या धुळीतून हंटाव्हायरससारखे आजार होऊ शकतात. दारंखिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा, मग ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून कागदाने पुसून घ्या. खाण्याच्या वस्तू, टूथपेस्ट, साबण, कचरा सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, व्हरांड्यात रात्री काहीच ठेवायचं नाही. मोठे प्राणी असलेला भाग असेल तर तिथले नियम काय ते विचारून तसंच करा.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं उकळा. भांडी ओढ्यात धुवायची नाहीत, पाणी भरून आणून काठापासून ६० मीटर तरी लांब धुवा.

जेवणाचं जास्त सांगत नाही, एका भांड्यात होणारं, आणि एक वेळचं अजिबात न शिजवता खाता येईल असं, म्हणजे पावसात चूल पेटलीच नाही तरी उपाशी झोपायची वेळ येत नाही.

जंगलातून आल्यावर रोज गोचीड बघायचे, गुडघ्याच्या मागे, काखेत, कानामागे, केसांत, मुलांचे तर नक्की. चिकटलेला असेल तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, तेल लावणं, चटका देणं हे करू नका. गोचिडामुळे होणारा लाइम आजार असलेल्या भागात चोवीस तासांच्या आत काढला तर धोका खूप कमी होतो. नंतर काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरला गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

फिरायला निघालात आणि वीज चमकून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की केबिनमध्ये परता, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. आडोसा म्हणून एकट्या उंच झाडाखाली उभं राहू नका, आणि वाळलेल्या झाडाखाली किंवा तुटून लटकलेल्या फांदीखाली तर कोरड्या दिवशीही बसायचं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी दोन तास मोकळे ठेवा. राख पूर्ण गार झालीये का, गॅसचा कॉक बंद आहे का, खिडक्या लागल्यात का, कचरा सगळा बरोबर घेतलाय का हे बघा, आणि पुढच्या माणसासाठी थोडं सुकं सरपण आत आणून ठेवा, तो कदाचित पावसात भिजून पोहोचणार असेल.