दारावर "लस हराम आहे" ऐकलं की काय करायचं

गोवर-रुबेलाच्या लसीसाठी घरोघर फिरणाऱ्यांसाठी हे लिहितेय, आशाताई असोत, नर्स असोत नाहीतर माझ्यासारख्या नुसत्या सोबतीला जाणाऱ्या. 2022 च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, लेकरं गेली, तेव्हापासून मी भिवंडीच्या गल्ल्यांत जातेय.

हराम हा शब्द कानावर पडला की लगेच वाद घालू नका. आधी विचारा, मागच्या वेळी काय झालं होतं. एका खालांनी दार अर्धंच उघडलं, हात कडीवरच, "हमारे में नहीं चलता" म्हणाल्या. मी उंबऱ्याशी बसले, पाणी मागितलं, आणि दहा मिनिटांनी कळलं की नातीला आधीच्या इंजेक्शननंतर दोन रात्री ताप होता, मांडी टणक झाली होती आणि असं होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे अडलं होतं तापापाशी. ताप आला तर औषध किती द्यायचं हे नर्सकडून कार्डावर आधीच लिहून घ्या.

पण प्रश्न खरंच धर्माचा असेल तर तो हलक्यात घेऊ नका. डुकराचं जिलेटिन असतं का विचारलं तर "छे, काहीच नसतं" असं अजिबात बोलायचं नाही. लस टिकावी म्हणून काही लसींमध्ये जिलेटिन घालतात, आणि खोटं एकदा पकडलं गेलं की त्या गल्लीत परत कुणी दार उघडत नाही. त्यापेक्षा इंडोनेशियाचं सांगा. 2018 मध्ये तिथल्या उलेमा कौन्सिलने आपल्या पुण्याच्या सीरमच्याच गोवर-रुबेला लसीवर फतवा काढला, बनवताना डुकराचा अंश वापरलाय म्हणून हराम म्हटलं, आणि त्याच फतव्यात हलाल पर्याय नाही, आजाराचा धोका खरा आहे म्हणून द्यायला परवानगीही दिली. आधार जरूरतचा, सूरह बकराची 173 वी आयत, नाइलाज असेल आणि हद्द ओलांडली नाही तर गुनाह नाही. तिथल्या आचे प्रांतात तरीही लस फार कमी मुलांना मिळाली, म्हणून फतवा सांगायचा तर पूर्ण सांगा, अर्धवट नको.

दुसरा मुद्दा इस्तिहाला, म्हणजे पदार्थाचं रूप पूर्ण बदललं की त्याचा हुकूमही बदलतो, जसा दारूचा सिरका झाल्यावर. सगळे उलेमा तो जिलेटिनला लावत नाहीत, त्यामुळे त्यावर अडून बसू नका.

आणि हे सगळं स्वतः सांगत बसू नका, तुम्ही-आम्ही मुफ्ती नाही. त्याच गल्लीतल्या मशिदीच्या इमामसाहेबांना जुम्म्याच्या दोन दिवस आधी भेटा, नमाजनंतर दोन वाक्यं बोलायला विनंती करा. बायकांकडे जाताना मुलांना कुराण शिकवणाऱ्या आपांना सोबत घ्या. घरात हाजीसाहेब असतील तर त्यांनाच विचारा, जायच्या आधी मेनिंजायटिसची लस घेतली होती ना, सौदीत त्याशिवाय हजला घेतच नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दारं या एका प्रश्नाने उघडली.

रमजानमध्ये इफ्तारच्या तासभर आधी कुणाच्या दारात जाऊ नका. गरोदर बायांना टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनने रोजा तुटेल ही भीती असते, बहुतेक उलेमा तुटत नाही म्हणतात, तरी मन मानत नसेल तर इफ्तारनंतरची वेळ काढून द्या.

नाहीच म्हणाले तर कार्डावर पुढची तारीख लिहून या, आणि त्या तारखेला दुसऱ्या कुणाला न पाठवता तुम्हीच जा. खालांची नात चौथ्या खेपेला आली.