आईच्या पायांची ताकद मी घरी कशी मोजते

माझी आई ७३ वर्षांची आहे. रोज अर्धा तास चालते, त्यामुळे तिचे पाय भक्कम आहेत असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. एकदा सोफ्यातून उठताना ती दोन्ही हातांनी रेटा देताना दिसली, तेही दुसऱ्या प्रयत्नात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हे बघून मला झोप लागली नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तिची मोजणी करते.

हात नसलेली, सरळ पाठीची, घट्ट बैठकीची खुर्ची घ्या. चाकांची नको. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटीमीटरवर असावी. खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा, नाहीतर बसताना मागे सरकते. बैठकीच्या मधोमध बसायचं, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, हातांची छातीवर फुली आणि तळवे विरुद्ध खांद्यांवर. आधी एक-दोनदा सावकाश उठून बघू द्या. मग घड्याळ लावा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. वेळ संपताना अर्ध्याच्या वर उठल्या असतील तर तीही फेरी धरायची.

एकदा जरी हाताचा आधार घेतला, तरी आकडा शून्य. इथे घरच्यांचा जीव कळवळतो आणि ‘जाऊ दे, जरासाच टेकला’ म्हणून सूट दिली जाते. देऊ नका. आईचा पहिला आकडा शून्यच होता. मी वहीत शून्य लिहिलं आणि त्याखाली वेगळ्या ओळीत ‘हात टेकून ७’ असंही लिहिलं. ही दुसरी ओळ जरूर ठेवा. शून्यातून वर यायला महिने लागतात, तोवर फरक तिथेच दिसतो.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात बाईच्या १० पेक्षा कमी आणि पुरुषाच्या १२ पेक्षा कमी फेऱ्या झाल्या, तर पडण्याचा धोका वाढलेला मानतात. ८० ते ८४ वयाला हेच आकडे ९ आणि १० आहेत. मला मात्र तक्त्यापेक्षा वहीतला मागचा आकडा जास्त सांगून जातो.

दुसरी मोजणी सोपी आहे. खुर्चीपासून ३ मीटरवर जमिनीवर चिकटपट्टी लावा. उठायचं, नेहमीच्या चालीने तिथवर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजची चप्पल, रोजची काठी चालेल. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हा. मी सेकंदांइतकंच वळणाकडे बघते: पाय अडखळतो का, हात भिंत शोधतो का?

तोल बघायला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून उभं करा. १० सेकंद टिकायला हवं. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा, नजर घड्याळावर नाही, माणसावर.

छातीत दुखतंय, चक्कर येतेय, बीपी आटोक्यात नाही किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय, तर आधी डॉक्टरांना विचारा. मोजताना दम लागून बोलता येईनासं झालं तर तिथेच थांबवा.

दर वेळी खुर्ची तीच, चप्पल तीच, वेळही तीच ठेवा. आईची मोजणी सकाळी दहाला होते, संध्याकाळी ती थकलेली असते. आकडा एकदम दोन-तीनने घसरला तर आठवड्याने पुन्हा मोजा. तरीही तसाच राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना तारखांसकट आकडे मिळाले की बोलणं नेमकं होतं.

आईच्या वहीत आता शून्य, ४, ६ आणि ९ असे आकडे आहेत. पुढची मोजणी कधी, हे हल्ली तीच विचारते.