कुंडीतले पान पिवळे पडल्यास खत देण्यापूर्वी काय पाहावे

ठाणे-नवी मुंबईतील बाल्कन्यांमध्ये मोगऱ्याचे किंवा मिरचीचे पान पिवळे पडले की बहुतेक जण लगेच मूठभर खत घालतात. त्याआधी पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, हे पाहावे. वनस्पतीला आवश्यक असलेल्या 17 मूलद्रव्यांपैकी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात आणि उरलेली 14 मुख्यतः मुळांवाटे, पाण्यात विरघळलेल्या आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) रूपात, आत येतात. त्यांतील नायट्रोजन, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम टंचाईच्या काळात झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर आधी दिसते. लोह आणि कॅल्शियम मात्र जिथे पोचले तिथेच बहुतांशी अडकून राहतात, म्हणून त्यांची उणीव कोवळ्या भागांवर आधी दिसते.

खालचे पान सरसकट फिकट झाले असेल तर नायट्रोजनची, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात नायट्रोजन हमखास कमी पडतो, कारण नायट्रेट (मुळे शोषतात ते नायट्रोजनचे एक रूप) आणि मातीचे बारीक कण या दोहोंवर ऋण भार असल्याने माती त्याला धरून ठेवत नाही आणि ते पाण्याबरोबर कुंडीच्या छिद्रातून वाहून जाते. जूनच्या तोंडावर भरघोस खत देणे म्हणूनच व्यर्थ आहे. पाऊस ओसरल्यावर गांडूळखत थोडे थोडे, दर पंधरा दिवसांनी द्यावे.

कोवळे पान पिवळे आणि त्याच्या शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडते आहे. कोकणच्या तांबड्या मातीचा रंगच लोहाच्या ऑक्साइडचा, तेव्हा मातीत लोह नसते असे नाही; कुंडीत सिमेंट-चुन्याचे डबर मिसळले असेल तर माती अल्कधर्मी होते आणि लोह विरघळत नाही. डबर वेचून माती बदलावी, आणि तोवर चिलेटेड लोह (विरघळलेले राहावे म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह) पाकिटावरील प्रमाणात संध्याकाळी फवारावे.

मुळाच्या पेशी बरीचशी खनिजे ऊर्जा खर्चून आत ओढतात व त्या ऊर्जेसाठी मुळांना ऑक्सिजन लागतो. म्हणून वरील कोणताही उपाय करण्याआधी छिद्र मोकळे आहे ना ते तपासावे आणि पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवावी. पाणी साचलेल्या मातीत उत्तम खतही वाया जाते.

टोमॅटोचे बूड काळे पडणे हा प्रकार वेगळा. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि फळातून बाष्पीभवन पानांच्या मानाने अगदी कमी होत असल्याने पाणी देण्यात अनियमितता आली की फळ उपाशी राहते. त्यावर रोज बेताचे, सारखे पाणी देणे हाच उपाय. कॅल्शियमसाठी मातीत घातलेली अंड्याची टरफले विरघळायला इतका काळ लागतो की त्या हंगामातल्या टोमॅटोला त्यांचा फारसा लाभ होत नाही.