भोक पायाच्या जाडीवरून ठरवा

मालवणात होड्यांच्या पंपांसाठी मी कंट्रोल बोर्डं बनवतो. बोर्डावर सुट्या भागांचे धातूचे पाय ज्यात बसतात, त्या भोकाचं माप अंदाजानं देऊ नका. डेटाशीटमधली (भागाच्या कंपनीच्या माहितीपत्रकातली) पायाची कमाल जाडी घ्या, तीत ०.२ ते ०.२५ मिमी मिळवा. १एन४००७ डायोडचा पाय जास्तीत जास्त ०.८६ मिमी, म्हणून भोक १.१.

हेडरची (तारा जोडायच्या पिनांच्या पट्टीची) पिन चौकोनी असते. बाजू ०.६४ मिमी, पण भोकातून जायचा असतो कर्ण, म्हणजे ०.९! मी एकदा बाजू बघून ०.८ दिलं, एकही हेडर बसला नाही, सगळी बोर्डं वाया. आता १.१ देतो.

हे माप भोकाच्या आतून तांब्याचा थर चढल्यानंतरचं, असं बोर्ड बनवणाऱ्याला स्पष्ट कळवा.

आणि ऐसपैस भोकही नकोच. सोल्डर वरपर्यंत चढत नाही, पोकळीत खारी हवा शिरते, पावसाळ्यात पाय हिरवा पडतो.