देवाकडे परतताना: पापकबुलीची तयारी
आधी सुधारावे आणि मगच देवाकडे जावे, हा समज प्रथम सोडावा. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील दृष्टांतात घर सोडून गेलेला मुलगा परत येताना अजून दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि मुलाने मनात जुळवून आणलेली कबुली पुरती ऐकूनही घेत नाही. पापकबुलीच्या आदल्या रात्री बायबलमधील स्तोत्र 51 सावकाश वाचून आपली पापे आठवावीत (शेजाऱ्यांची नव्हेत, हे सांगावे लागते). नागपुरातील कॅथलिक व्यक्तीने ‘सदर’ नावाच्या भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये किंवा आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांना पापकबुलीची वेळ विचारावी. कबुलीत ऐकलेले फादर कोणालाही सांगू शकत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळीत उपासनेतील सामूहिक पापकबुली मनापासून म्हणावी, हवे तर पाळकांशी एकांतात बोलावे. कोणाचे नुकसान केले असल्यास त्याची भरपाई लांबणीवर टाकू नये.